तिकीट बंद झालं, पैसे कुठे आहेत?

‘पाच मिनिटांत जोडा, कोड लिहायची गरज नाही.’ पेमेंट गेटवे आणि जिरा किंवा गिटहब यांची सांगड घालून देणाऱ्या सेवांच्या जाहिराती साधारण अशाच असतात. पेमेंट अडकलं की तिकीट आपोआप उघडणार, रिफंड निघाला की आपोआप बंद होणार. अशी जोडकामं करून मी पगार घेतो, तरी माझं म्हणणं सरळ आहे : यंत्राला तक्रारीचं तिकीट उघडू द्या, बंद करू देऊ नका.

आधीच्या कंपनीत हे जोडकाम मीच केलं होतं. गेटवेकडून ‘रिफंड प्रोसेस्ड’ असा संदेश आला की तिकीट बंद. डॅशबोर्ड हिरवागार, मॅनेजर खूश, मीही खूश. एका विद्यार्थिनीची कोर्सची फी दोनदा कापली गेली होती. महिन्याच्या मेसचे पैसे त्यात अडकले होते. तिचे चार मेल एका बंद तिकिटाखाली साचत होते आणि आमची सिस्टीम प्रत्येकाला तत्परतेनं कळवत होती, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ मला ते अकराव्या दिवशी दिसलं, तेही दुसरंच काहीतरी शोधताना. गेटवे खोटं बोलला नव्हता. त्यानं रिफंड पुढे पाठवला होता. ‘पाठवला’चा अर्थ ‘पोचला’ असा मी लावला होता.

तुम्ही म्हणाल, हा तुझ्या कोडमधला बग. बग असतातच. स्ट्राइपचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की एकच इव्हेंट दोनदा येऊ शकतो, इव्हेंट क्रमानं येतील याची हमी नाही. स्ट्राइप न पोचलेला संदेश तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतं. गिटहब फसलेला वेबहुक आपणहून परत पाठवत नाही. पाच मिनिटांत जोडणाऱ्याला यातलं काहीच वाचावं लागत नाही. पण हे दुरुस्त होतं : इव्हेंटचा आयडी जपून ठेवा, रोज रात्री हिशेबाचा ताळा घ्या. ‘बाई, पैसे मिळाले का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्या एकाही वेबहुकमध्ये नव्हतं.

गिटहबवर पुल रिक्वेस्टमध्ये ‘फिक्सेस’ आणि इश्यूचा नंबर लिहिला, की कोड मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच इश्यू बंद होतो. कोडपुरतं ठीक आहे, कारण दुरुस्ती आपल्याच घरात होते. पैशाचा शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या बँकेत असतो. रिझर्व्ह बँकेला हे कळतं. तिच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून कापले गेले पण दुकानदाराकडे व्यवहार पक्का झाला नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे रिझर्व्ह बँक पैसे परत येईपर्यंतचे दिवस मोजते. आम्ही तिकीट बंद होईपर्यंतचे मोजतो.

हजारो रिफंड माणसानं तपासायचे का? नाही. ज्यांनी तक्रार केली, तेवढेच. आणि तेही जमत नसेल तर निदान ग्राहकाचा मेल आल्यावर बंद तिकीट आपोआप पुन्हा उघडू द्या. हेही ऑटोमेशनच आहे, हेही पाच मिनिटांत होतं. फक्त त्यानं डॅशबोर्डवर लाल रंग वाढतो, म्हणून ते करायला कुणी सांगत नाही.