सिमेंटचा भाव कोण ठरवितो?

नियंत्रण उठले की स्पर्धा येते आणि स्पर्धा आली की भाव उतरतात, हा सिद्धांत या देशात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली. सिमेंटच्या धंद्याचा इतिहास या सिद्धांताशी जुळत नाही. मात्र तो जुन्या नियंत्रणाच्या बाजूनेही साक्ष देत नाही, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

१९८२ पूर्वी सिमेंटचा भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हाती होते. तुटवडा होता, परमिटे होती. आणि परमिट जेथे असते तेथे ते विकणाराही असतो. महाराष्ट्राला याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. बांधकाम व्यावसायिकांना दिलेला सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या विश्वस्त संस्थेला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये मान्य केला आणि बॅरिस्टरांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी केंद्राने नियंत्रण अंशतः उठविले. १९८९ साली ते पूर्णपणे गेले.

मग स्पर्धा आली काय? १९९० सालीच मक्तेदारी आयोगापुढे सिमेंट उत्पादकांच्या संगनमताचे प्रकरण दाखल झाले. त्याचा निकाल डिसेंबर २००७ मध्ये लागला. सतरा वर्षांनी उत्पादकांना दोषी ठरवून आयोगाने काय केले, तर यापुढे असे करू नका, अशी आज्ञा दिली! १९६९ च्या कायद्याने त्याच्या हाती दंडाचे शस्त्र दिलेच नव्हते.

यात कारखानदारांच्या स्वभावापेक्षा धंद्याच्या घडणीचा भाग मोठा आहे. सिमेंट जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त. ते दूर नेले तर वाहतूकखर्चच नफा खातो. चुनखडीच्या खाणी ठरावीक ठिकाणीच असतात. म्हणून प्रत्येक प्रदेशाची बाजारपेठ मूठभर कंपन्यांच्या हाती राहते. सगळ्यांचा माल जवळपास सारखाच, आणि घर अर्ध्यावर आलेल्या माणसाला भाव वाढला म्हणून काम थांबविता येत नाही. अशा ठिकाणी एकमेकांशी झुंजण्यापेक्षा उत्पादन थोडे आखडून भाव चढा ठेवणे सर्वांनाच परवडते.

२००२ च्या स्पर्धा कायद्याने दंडाचा अधिकार दिला. त्याखालील आयोगाने जून २०१२ मध्ये ११ कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. क्षमता असूनही उत्पादन कमी ठेवले गेले आणि उत्पादकांच्या संघटनेमार्फत भावांची माहिती फिरत होती, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण काय, तर सही करणाऱ्या अध्यक्षांनी अंतिम युक्तिवाद ऐकलाच नव्हता. २०१६ मध्ये आयोगाने फेरसुनावणी करून पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये तो अपिलात कायम झाला आणि त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाची दहा टक्के रक्कम भरा, उरलेल्या वसुलीला स्थगिती!

दरम्यान कंपन्या थांबल्या नाहीत. दंड झालेल्यांपैकी बिनानी २०१८ साली, सेंच्युरीचा सिमेंट व्यवसाय २०१९ साली आणि इंडिया सिमेंट्स २०२४ साली अल्ट्राटेकच्या ताब्यात गेली. अंबुजा आणि एसीसी २०२२ मध्ये अदानी समूहाकडे आल्या. संगनमतासाठी किमान दोघे तरी लागतात. एकाच मालकाच्या दोन कंपन्यांनी एकच भाव लावला तर त्याला संगनमत कोण म्हणणार? आणि अंबुजा-एसीसीच्या हस्तांतराला मान्यता देणारा आयोग तोच, ज्याने २०१२ मध्ये दंड केला होता.

कोट्याचे राज्य परत आणा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. ते मंत्र्यांच्या टेबलावरून विकले गेले. मागणी करायची ती उत्पादनखर्चाच्या हिशेबाची. मोठ्या सिमेंट कंपन्यांचे खर्चलेखापरीक्षण कायद्याने होते, अहवाल केंद्र सरकारकडे जातो आणि तेथेच बंद राहतो. तो प्रसिद्ध झाला तर गोणीमागे खर्च किती आणि नफा किती, हे तालुक्याच्या कार्यकर्त्यालाही विचारता येईल. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण घरकुलाला २०१६ साली १ लाख २० हजार रुपये ठरले. गोणीचा भाव चढला म्हणून हप्ता वाढत नाही. वरचे पैसे तो माणूस सावकाराकडून आणतो.