कागदाचे तुकडे, आठवणींचे घर

वार्षिक परीक्षा संपली की आठ-पंधरा दिवसांत मोहल्ल्यातून रद्दीवाल्याची गाडी फिरू लागते. वह्या, गाइड, जुनी वर्तमानपत्रे जातात आणि त्यांच्याबरोबर चित्रकलेची वहीही जाते. मुलीने वर्षभर रंगवलेली पाने किलोच्या भावाने निघून जातात आणि घरात कोणालाच काही गेल्यासारखे वाटत नाही. पालकसभेत आम्ही हा विषय काढला तर उत्तर ठरलेले असते : "गणित-सायन्सचं बोला. चित्रं काढून काय होणार आहे?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवे. आम्ही येथे मोठमोठ्या कॅनव्हासबद्दल बोलत नाही. तळहाताएवढे किंवा पोस्टकार्डाएवढे चित्र, आणि घरातल्याच कागदा-कापडाचे तुकडे चिकटवून केलेले काम, ज्याला हल्ली 'कोलाज' म्हणतात, त्याबद्दल बोलत आहोत. हे काम आपल्या घरांना परके नाही, हे आधी सांगायला हवे.

कोलाज हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ चिकटवणे. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी 1912 मध्ये चित्रात कागद चिकटवले आणि युरोपात त्याची चर्चा झाली. पण त्याच्या कितीतरी शतके आधीपासून इराणच्या, मोगलांच्या आणि दख्खनच्या सुलतानांच्या कुतुबखान्यांत 'मुरक्का' तयार होत होता. मुरक्का म्हणजे चित्रांचा आणि खत्तातीचा संग्रह. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'ठिगळे जोडलेला' असा आहे. दरवेशाच्या ठिगळांच्या झग्यालाही मुरक्काच म्हणत. मुरक्क्याच्या एका पानावर मधोमध लहानसे चित्र किंवा नस्तालीकमधला किता असे, त्याभोवती वेगळ्या कागदाची किनार आणि त्याबाहेर सोनेरी शिंपण केलेला हाशिया. मधला कागद एका उस्तादाचा, हाशिया दुसऱ्याच कारागिराचा, आणि दोघांमध्ये कधी शंभर वर्षांचे अंतर. कातणारा आणि चिकटवणारा हात त्यांना एकत्र आणी. ज्यावर लहान चित्रे रंगवत ती 'वसली'सुद्धा अनेक कागद एकावर एक चिकटवून आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून तयार होई. आपल्या आजी-नानींनी शिवलेली गोधडी आठवा. तत्त्व तेच आहे.

कागद जपण्याच्या बाबतीत आमचे कारंजाही मागे नाही. येथील जैन भांडारांतून हस्तलिखित पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. 1930 च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांतले अपभ्रंश ग्रंथ संपादित करून 'कारंजा जैन ग्रंथमाले'त छापले. कोणीतरी पाने टाकून दिली नाहीत, म्हणूनच ती भाषा अभ्यासकांच्या हाती लागली.

आता दोन स्त्रियांची ओळख करून देतो. दोघींचा जन्म 1937 चा, दोघी मुस्लिम घरांतल्या, आणि दोघींनी आयुष्य कागदावर काढले.

पहिल्या झरीना हाशमी. जगात त्या नुसत्या 'झरीना' या नावाने ओळखल्या जातात. जन्म अलीगढचा. वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीना यांनी त्याच विद्यापीठातून 1958 मध्ये पदवी घेतली ती गणिताची. "गणित-सायन्सचं बोला" म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. पती परराष्ट्र सेवेत असल्याने बँकॉक, पॅरिस, दिल्ली अशी घरे बदलत गेली. पॅरिसमध्ये त्या स्टॅनली हेटर यांच्याकडे छापचित्रण शिकल्या, पुढे जपानमध्ये लाकडी ठशांचे काम शिकल्या आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाल्या. दरम्यान 1959 मध्ये आईवडील पाकिस्तानात गेले होते. अलीगढचे अंगण असलेले घर सुटले ते सुटलेच.

हे घर त्यांनी पुढे कागदावर पुन्हा पुन्हा उभे केले. 1999 मध्ये त्यांनी 36 लाकडी ठशांची एक मालिका केली. प्रत्येक ठसा लहान, प्रत्येकात चार-दोन काळ्या रेषा आणि खाली उर्दूत एकच शब्द : कुठे घर, कुठे सरहद, कुठे भाषा. माणूस नाही, पक्षी नाही, तरी पाहणाऱ्याला आपलाच उंबरठा दिसतो. 2004 मधली आठ छापचित्रांची मालिका तर आम्हाला सर्वांत जवळची वाटते. त्यांची थोरली बहीण राणी कराचीत राहत असे. तिने झरीनांना उर्दूत पत्रे लिहिली, पण पोस्टात टाकली नाहीत. आईवडिलांचे जाणे, घर विकले जाणे, धाकट्या बहिणीची उणीव हे सारे त्यांत होते. ही पत्रे नंतर झरीनांच्या हाती आली. त्यांनी बहिणीचे हस्ताक्षर जसेच्या तसे छापले आणि त्यावर घरांचे नकाशे, शहरांच्या रेषा चढवल्या. पत्र पूर्ण वाचता येत नाही, पण कोणाचे तरी दुःख त्या कागदावर आहे हे कळते. पुढे उतारवयात त्यांनी छापलेल्या कागदांचे तुकडे आणि सोन्याचा वर्ख वापरून कोलाजही केले, तसबीहच्या मण्यांवरही काम केले. कागदाला त्या कातडीसारखा मानत, तो डागाळतो, जुना होतो, तरी टिकतो म्हणून. 2011 मध्ये व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात भारताचे पहिले राष्ट्रीय दालन मांडले गेले, त्यात झरीना होत्या. 2020 मध्ये लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

दुसऱ्या नसरीन मोहम्मदी. त्यांचा जन्म कराचीचा, पण लहानपणीच कुटुंब मुंबईला आले आणि शेवट आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला 1990 मध्ये झाला. लंडन आणि पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन त्या मुंबईत काम करू लागल्या आणि 1972 पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागल्या, म्हणजे आमच्याच पेशातल्या. कागद, पेन्सिल, शाई आणि आर्किटेक्ट वापरतात ती रेषा मारण्याची साधने एवढेच त्यांचे साहित्य. चित्रांना त्या नाव देत नसत. रोजनिशीच्या छापील पानांवरही रेषा आणि काळे पट्टे भरून त्यांनी त्या पानांचे रूप बदलले. उत्तर आयुष्यात मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला. चालणे-बोलणे कठीण झाले, तरी कागदावरची रेषा हलली नाही. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नवी शाखा लोकांसाठी उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचे काम होते.

येथे काही वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल, आणि तो टाळणे बरे नाही. चित्र काढणे जायज आहे का? सजीवांच्या प्रतिमांबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि त्यांच्या तपशिलाबाबत उलमांमध्ये मतभेदही आहेत. तो मसला आपल्या आलिमांना विचारावा, आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. पण सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. प्रतिमा बनवणे हाच त्याचा रोजगार होता. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला रसूलुल्लाह (स.) यांचा इशारा ऐकवला आणि मग सांगितले की, करायचेच असेल तर झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ. म्हणजे एक दार बंद करताना दुसरे दाखवले. त्या दारातून आत गेले तर मैदान केवढे मोठे आहे पाहा : वेली, फुले, जाळी, मेहराब, तारे, नकाशे, खत्ताती, भूमिती. झरीनांचे घर आणि नसरीनची रेषा त्याच मैदानातली आहे. तेव्हा 'चित्रकला' म्हटले की वहीच बंद करायची, याची गरज नाही.

गेल्या वर्षी वर्गात आम्ही एक काम दिले होते : घरातल्या जुन्या कागदातून पोस्टकार्डाएवढे कोलाज करून आणा. बहुतेकांनी चॉकलेटचे चकचकीत कागद आणि लग्नपत्रिकांचे सोनेरी तुकडे आणले. आठवीतल्या एका मुलीने दादीच्या पेटीतली एक घडी केलेली चिठ्ठी आणली. उर्दूतली. दादा मुंबईला कामाला होते तेव्हा त्यांनी घरी लिहिलेली. मुलगी मराठी माध्यमात शिकते, तिला ती वाचता येईना. अब्बूंनाही अडखळतच वाचता येत होती. आम्ही ती तिला वाचून दाखवली. सलाम, खैरियत, मनिऑर्डरचा हिशेब, आणि शेवटी दोन ओळी : मुलीला शाळेतून काढू नका, फीची सोय मी करतो. ती मुलगी म्हणजे हिची फुफी. दादांनी असे लिहिले होते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, कारण दादीला वाचता येत नव्हते आणि ज्याने तेव्हा वाचून दाखवले त्याने शेवटचे सांगितले की नाही, कोण जाणे. फुफीची शाळा सातवीतच सुटली होती.

त्या मुलीने चिठ्ठीची झेरॉक्स काढली, तिच्यावर पाटी-पुस्तकाच्या आकाराचे निळे कागद चिकटवले आणि शेवटच्या दोन ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या. चित्र म्हणून त्यात दोष काढता येतील. पण आता ते त्यांच्या घरात भिंतीवर आहे, आणि त्या घरात मुलीला शाळेतून काढायचा विषय निघाला तर आधी त्या दोन ओळींना उत्तर द्यावे लागेल.

चित्रे काढून काय होणार, याचे आमचे उत्तर हे आहे. डोळा आणि हात तयार होतात हे खरेच, पण घर स्वतःला ओळखू लागते हे त्याहून मोठे. आपल्या किती घरांत उर्दूतल्या चिठ्ठ्या, मोडीतले किंवा मराठीतले दस्त, रेशनकार्डे, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या पेटीत पडून आहेत! वाचणारा एक-एक माणूस जात आहे. मूल त्या कागदाला हात लावते, तेव्हाच ते विचारते, "यात काय लिहिलंय?"

या महिन्यात घरी करून पाहायचे असेल, तर काही गोष्टी सांगतो.

पहिली, अस्सल कागदाला कात्री लावू नका. चिठ्ठी, फोटो, दस्त यांची झेरॉक्स काढा आणि तीच कातरा. अस्सल कागद घडी न घालता सपाट फाइलमध्ये ठेवा.

दुसरी, उर्दू वर्तमानपत्र किंवा लग्नपत्रिका कापण्याआधी वाचा. बिस्मिल्लाह, आयत, अल्लाहचे नाव, 'अब्दुल्लाह'सारखी नावे असलेला भाग वेगळा काढून अदबीने ठेवा. अनेक मशिदींत अशा कागदांसाठी पेटी असते. मुलांना ही अदब याच निमित्ताने शिकवता येते.

तिसरी, पाया जाड घ्या. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा किंवा ड्रॉइंग पेपरचे दोन थर चिकटवून केलेली घरगुती वसली चालते. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो, कारण तो लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. टिकायला हवे असेल तर तो कमी वापरा.

चौथी, फेव्हिकॉल थोडे पाणी घालून पातळ करा, ब्रशने पसरवा, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. नाहीतर कागद वाकतो. मैद्याची खळही चांगली, पण तिला कसर लागते. बाइंडर लोक त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

पाचवी, शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या, जरीची काठ, अत्तराच्या डबीचा कागद, वाळलेले कडुनिंबाचे पान हे सारे चालते. पैसे लागतात ते फक्त गोंदाचे.

आणि ज्यांना परीक्षेचीच भाषा कळते, त्यांच्यासाठी : राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा घेते, आणि दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांत तयारी चांगली होते, त्यात सजीवांचा प्रश्नही फारसा येत नाही. स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात. तेथे काय करायचे हे घराने आलिमांशी बोलून ठरवावे, पण मुलीला न विचारता फॉर्मच न भरणे, हे करू नये. मुलगे नववीत पोहोचले की क्लासमुळे चित्रकला सोडतात. मुली घरकामामुळे सोडतात. रविवारी एक तास आणि खिडकीजवळची एक पाट एवढी जागा तिला द्या.

काम पूर्ण झाले की मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा : अक्षर कोणाचे, चिठ्ठी कोणत्या सालची, चिकटवले कोणी. उर्दू आणि मराठी, दोन्ही लिपींत लिहा. उर्दू येत नसेल तर मोहल्ल्यात ज्यांना येते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि लिहिता लिहिता मुलांना चार अक्षरे शिकवायलाही सांगा.