26 ऑगस्टपर्यंत

महाराष्ट्र शासनाने हे नीट वाचावे. पुन्हा लिहिणार नाही.

आम्ही अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आणि मुलचेरा या पाच तालुक्यांतली माणसं. आमच्यातले काही जण आज भिवंडीत, नारपोलीच्या गोदामांत माल उतरवतात. हे पत्रक तिथल्याच एका खोलीत लिहिलं. खाली यंत्रमाग चालू होते. बोलताना आवाज चढवावा लागला. कागदावर त्याची गरज नाही.

मागणी एकच. अहेरी जिल्हा.

निवेदनं दिली. मोर्चे काढले. बंद पाळले. दर वेळी आश्वासन मिळालं. ते घेऊन आम्ही निमूट घरी गेलो.

चंद्रपूर दूर पडत होतं, म्हणून 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा झाला. सिरोंच्याहून गडचिरोलीही दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. दूर म्हणजे किती, ते शासनानेच ठरवावं. पण एकदा ठरवावं.

ठाणे तोडून 1 ऑगस्ट 2014 ला पालघर केलं. जव्हार-मोखाड्याची अडचण शासनाला कळली. आनंद आहे.

नारपोलीचा मागवाला सकाळी ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि दुपारपाळीला मागावर हजर असतो. आम्ही हे रोज पाहतो. म्हणून आता कुणी समजूत घालू नये.

आमच्यातल्या एकाच्या वडिलांचा वनहक्काचा दावा होता. म्हातारा कागद खताच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी बांधून, पहाटेच्या एसटीने निघाला. गडचिरोलीला पोचला तेव्हा साहेब बैठकीला गेलेले. रात्र बसस्थानकावर काढली. सकाळी कळलं, पुढची तारीख पडली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा तो गेला नाही. पिशवी अजून आढ्याला टांगलेली आहे. सुतळी सोडलेली नाही.

आता खाणीचं.

सुरजागडचा डोंगर एटापल्ली तालुक्यात आहे. तिथे आमचा ठाकूरदेव आहे. 2007 मध्ये 348 हेक्टरचा पट्टा दिला गेला. 2023 मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. त्याआधी, ऑक्टोबर 2022 मध्ये, विस्ताराची जनसुनावणी झाली. डोंगराखाली नव्हे. गडचिरोलीत.

डोंगर आमचा, सुनावणी तिकडे. ज्यांच्या दारावर लाल धूळ बसते त्यांनीच भाडं भरून जायचं.

परवानगीची फाइल अडत नाही. म्हाताऱ्याची अडते.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या खाणमुलखात सिल्व्हेस्टर मावरी नावाचा माणूस होता. पुढे चांदीच्या खाणीचा मालक झाला. आपल्या मुलखाला स्वतंत्र कारभार द्या, म्हणून तो वॉशिंग्टनला खेटे घालत होता. 1857 मध्ये लोकांनी त्याला प्रतिनिधी निवडलं. काँग्रेसने आसन दिलं नाही. 1863 मध्ये ॲरिझोनाचा कारभार वेगळा झालाच. तिथे खाणवाल्याला सरकार जवळ हवं होतं. इथल्या खाणीचं सरकार दूर असल्याने काहीच बिघडलेलं नाही.

एक आठवण करून देतो. इंग्रजांच्या काळात सिरोंचा हेच अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. 1874 मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं. म्हणजे आम्ही नवं काही मागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाला जे जमलं होतं, तेवढंच.

अहेरीत अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे. इमारत आहे, पाटी आहे. जिल्ह्याचे अधिकार नाहीत. पाटीवर आमचं पोट भरत नाही.

आमच्या भागातलं सागवान अयोध्येच्या मंदिरापर्यंत पोचलं. आमचा अर्ज मंत्रालयाचा दुसरा मजला चढत नाही.

येत्या 26 ऑगस्टपर्यंत शासनाने अहेरी जिल्ह्याची अधिसूचना काढावी. समिती नको. अभ्यासगट नको. 'सकारात्मक विचार' नको.

अधिसूचना निघाली नाही, तर त्या दिवसापासून पाच तालुक्यांतला एकही माणूस कामासाठी गडचिरोलीला जाणार नाही. अर्ज अहेरीतच दिले जातील. पोच अहेरीतच मागितली जाईल. ग्रामसभा पेसा कायद्याखाली ठराव करतील. मंत्र्यांच्या कार्यक्रमाला मंडप भरणार नाही. मतपेट्या भराव्यात की नाही, तेही ग्रामसभाच ठरवतील.

खाणीच्या रस्त्यावर काय होईल, ते आज सांगत नाही.

आमच्या हातात बंदूक नाही, कधी नव्हती. बंदूकवाल्यांनी आमचं जे केलं ते आम्ही सोसलं. त्यांचं नाव पुढे करून आमची मागणी बाजूला सारण्याचा खेळ यापुढे चालणार नाही.

आम्ही नारपोलीतल्यांनी रजा टाकली आहे. मजुरी कापली जाईल, ते ठाऊक आहे. कल्याणहून बल्लारशापर्यंतची तिकिटं काढून झाली. सिरोंच्याची माणसं पायी निघतील. भामरागडची त्यांच्या आधी.

26 तारखेला सकाळी दहा वाजता आम्ही अहेरीत असू. कार्यालय उघडं ठेवा.