रडायचा हक्क, मदतीचा हक्क



८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. बुडालेल्यांत बाया होत्या, लहान मुले होती. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे घरांवर दरडी कोसळल्या. दोन्ही वेळा घरांचे पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, पुनर्वसनाची चर्चा झाली. पण मागे राहिलेल्यांच्या मनाची नोंद करायला पंचनाम्यात रकानाच नसतो.

दुःखाला अशी मोठी दुर्घटनाच लागते असेही नाही. अपघात, आजार, कर्ज, दारू यांनी घरोघरची माणसे जातात. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. चौदाव्या दिवशी बाई आणि तिची चूल उरते. विधुराला वर्षाच्या आत स्थळे येतात. विधवेचे मात्र कुंकू पुसले जाते, बांगड्या फोडल्या जातात. तिच्या दुःखाचा देखावा सक्तीचा, आणि खरे रडायला उसंत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद, पोरांची फी, रोजंदारी हे सारे तिच्यासमोर उभे असते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हे पाऊल मोलाचे आहे. परंतु बांगड्या राहिल्या म्हणून दुःख हलके होत नाही. आणि टाकलेल्या बाईच्या दुःखाला तर तेरावाही नाही.

दुःख हा आजार नव्हे. सुरुवातीला जेवण न जाणे, झोप न येणे, गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखे वाटणे, देवाचा राग येणे, सणावाराला पुन्हा भरून येणे हे सारे स्वाभाविक आहे. रडणाऱ्या प्रत्येक बाईला गोळ्यांची गरज नसते. तिला ऐकणारे माणूस हवे असते.

मग डॉक्टर केव्हा गाठायचा? सहा महिने उलटले तरी दुःखाची धार तसूभरही कमी होत नसेल, ती अंथरुणातून उठत नसेल, मुलांकडे किंवा स्वतःकडे बघत नसेल, स्वतःलाच दोष देत राहिली असेल, झोपेसाठी दारूचा वा गोळ्यांचा आधार घेत असेल, तर मदत घ्यावी. ‘मलाही जायचंय’ असे ती बोलली, तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि तिला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. सरकारी जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. देवरुषाच्या दारात घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

बायांची खरी भीती वेगळीच असते. ‘वेडी ठरवतील, जमिनीतला वाटा काढून घेतील, मुले हिरावतील.’ ही भीती पोकळ नाही, आपण अशी प्रकरणे हाताळतो. म्हणूनच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक गटाला माहीत हवा. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी वेडी ठरत नाही. तो निर्णय फक्त सक्षम न्यायालय करू शकते. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्कही हा कायदा तिला देतो. दीर-सासऱ्यांना हे ठणकावून सांगायला संघटना पाठीशी हवी.

आपल्याकडून काय व्हावे? ‘रडू नकोस, मुलांकडे बघ’ हे सांगणे थांबवू या. तेराव्याला जाऊच, पण महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षश्राद्धालाही जाऊ. तलाठ्याकडे तिच्यासोबत जाऊ आणि दवाखान्यातही तिच्यासोबत बसू. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर ‘झोप लागते का गं?’ एवढे विचारायला पैसा लागत नाही. मारहाण झालेल्या बाईला पोलीस ठाण्यात एकटे पाठवायचे नाही, हे आपण चळवळीत शिकलो. दुःखाने खचलेल्या बाईलाही एकटे पाठवायचे नाही, हा नियम आता आपल्या कामात आला पाहिजे.