विश्लेषण : अलिबागमधील मिनिटभराच्या थरथरीतून अंतराळातील ‘उपवादळ’ कसे कळते?

१० आणि ११ मे २०२४ दरम्यान लडाखमधील हान्लेच्या आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश दिसला आणि त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर गाजली. तेव्हापासून सूर्यावर मोठा स्फोट झाला की ‘केपी किती?’ अशी विचारणा सुरू होते. मात्र केपी हा तीन तासांचा निर्देशांक आहे आणि ध्रुवीय आकाश पेटवणारी घटना काही मिनिटांत सुरू होते. ती नेमकी केव्हा सुरू झाली, हे सांगणारी खूण वेगळी आहे.

उपवादळ म्हणजे काय?

सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा झोत येत असतो. त्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय आवरण रात्रीच्या बाजूला लांब शेपटीसारखे ताणले जाते. या शेपटीत ऊर्जा साठत जाते आणि मर्यादा ओलांडली की ती एकदम मोकळी होते. यालाच उपवादळ म्हणतात. १९६४ मध्ये स्युन-इची अकासोफू यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या निरीक्षणांवरून त्याचे टप्पे मांडले. सूर्यावरील स्फोटांमुळे येणारे मोठे चुंबकीय वादळ दिवस-दिवस चालते, तर उपवादळ साधारण दोन-तीन तासांत आटोपते.

अलिबागपर्यंत खूण कशी पोहोचते?

ताणलेल्या चुंबकीय रेषा झटक्याने पृथ्वीकडे परततात. घंटेवर टोला बसावा तसे सगळे चुंबकीय आवरण त्या धक्क्याने घुमते. हेच घुमणे जमिनीवरील मॅग्नेटोमीटरमध्ये ‘पीआय-२’ स्पंदने म्हणून उमटते. ४० ते १५० सेकंदांचे हेलकावे उठतात आणि काही आवर्तनांत विरतात. अलिबागजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांहून अधिक आहे आणि ही थरथर बहुधा एखाद्या नॅनोटेस्लाच्या आसपास असते. तरीही ध्रुवापासून इतक्या दूर ती नोंदवता येते, हेच तिचे महत्त्व.

ध्रुवाजवळची केंद्रे पुरेशी नाहीत का?

तेथील केंद्रांवरून ‘एई’ निर्देशांक काढला जातो. पण मोठ्या वादळात ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो, तर शांत काळात तो आक्रसतो. अशा वेळी ठरावीक जागची केंद्रे उपवादळाची सुरुवात हुकवू शकतात. म्हणूनच जपानमधील संशोधकांनी कमी अक्षांशांवरील केंद्रांच्या नोंदींतून, पीआय-२ स्पंदनांवर आधारित ‘डब्ल्यूपी’ निर्देशांक तयार केला.

मिनिटांचा हिशेब कशासाठी?

५ एप्रिल २०१० रोजी ‘गॅलेक्सी १५’ हा दळणवळण उपग्रह उपवादळ सुरू झाल्यानंतर तासाभराच्या आतच जमिनीवरून दिलेल्या आज्ञा मानेनासा झाला. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळामुळे कॅनडातील क्वेबेकमध्ये वीज गेली आणि सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात राहिले. तेथील वीजजाळे अवघ्या दीड मिनिटात कोसळले होते. अशा घटनांचा छडा लावताना तीन तासांचा आकडा फारसा कामाचा नसतो.

मर्यादा कोणत्या?

प्रत्येक पीआय-२ मागे पूर्ण विकसित उपवादळ असतेच असे नाही. ही स्पंदने मुख्यतः रात्रीच्या बाजूला स्पष्ट दिसतात, त्यामुळे भर दुपारी अलिबागवर विसंबून चालत नाही. पृथ्वीभोवती सर्व रेखांशांवर केंद्रे हवीत आणि भारतात मध्यरात्र असते तेव्हा भारतीय केंद्रांचे मोल वाढते. शिवाय हे भाकीत नव्हे, ही फक्त वर्दी आहे.

आणखी एक अट म्हणजे आजूबाजूची शांतता. कुलाब्याच्या वेधशाळेने १८५९ चे ऐतिहासिक महावादळ टिपले होते. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवण्यात आले. भारतीय भूचुंबकत्व संस्था आजही तेथे नोंदी घेते. एका नॅनोटेस्लाची थरथर ऐकायची, तर वेधशाळेभोवतीचा परिसर विद्युत गोंगाटापासून जपावाच लागेल.