उतारा समजला, म्हणजे नेमके काय झाले?

जून महिन्याची ८ तारीख, दुपारी तीनची वेळ. चीनमधल्या परीक्षा केंद्रांच्या आसपास त्या वेळी गाड्यांचे भोंगे वाजवायला बंदी असते, शेजारच्या इमारतींची बांधकामे थांबवलेली असतात. फाटकाबाहेर आईबाप ताटकळत उभे असतात. कित्येक आयांनी ‘छिपाओ’ नावाचा लाल पारंपरिक झगा मुद्दाम घातलेला असतो, कारण त्या नावातला पहिला उच्चार झेंडा फडकताच विजय मिळावा अशा अर्थाच्या एका चिनी वाक्प्रचाराशी जुळतो. आत त्यांची मुले इंग्रजीचा पेपर सोडवत असतात. दोन तास, दीडशे गुण.

या परीक्षेचे नाव ‘गाओकाओ’. आपली बारावी आणि सगळ्या प्रवेश परीक्षा एकत्र केल्या तर जे काही होईल, ते साधारण हेच. २०२५ मध्ये या परीक्षेसाठी १ कोटी ३३ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. एकट्या हेनान प्रांतातून २०२४ मध्ये १३ लाखांवर मुले होती. एकूण गुण ७५०. त्यात चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि इंग्रजीला, म्हणजे एका परक्या भाषेला, तेवढेच १५०. मायबोली आणि परभाषा एकाच तराजूत सारख्या वजनाने ठेवणारा हा देश इंग्रजांच्या राज्याखाली (हाँगकाँगचा अपवाद सोडला तर) कधी नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. त्यामुळे मला दोन प्रकारच्या वाचनाची सवय आहे. एक, ज्यात शब्दाचा एकच अर्थ निघाला पाहिजे. आणि दुसरे, ज्यात एकच अर्थ निघाला तर लेखकाला वाईट वाटावे. चीनमधली मुले परक्या भाषेतला उतारा वाचतात, तेव्हा त्यांना या दोहोंपैकी कोणते वाचन करायला सांगितले जाते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण त्याच्या उत्तरावर कोट्यवधी मुलांची दहा-दहा वर्षे खर्ची पडलेली आहेत.

थोडा इतिहास पाहू. चीनमध्ये राजदरबारी नोकरीसाठीची परीक्षा शतकानुशतके चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. पुढे नव्या चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा आली. पण सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत १९६६ मध्ये तीही गेली. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेतांतून आणि कारखान्यांतून सुमारे ५७ लाख तरुण परीक्षेला बसले. जागा मिळाल्या त्या पावणेतीन लाखांच्या आसपास. इंग्रजीला आरंभी नाममात्र स्थान होते. ते वर्षावर्षाने वाढत गेले आणि १९८३ पासून त्याचे पूर्ण गुण धरले जाऊ लागले. १९८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात भाषातज्ज्ञ ग्वी शिचुन यांच्या पुढाकाराने बहुपर्यायी, यंत्राने तपासता येईल अशा इंग्रजीच्या पेपरचा प्रयोग झाला, आणि तोच साचा पुढे देशभर रुजला. २००१ मध्ये सरकारने तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले होते. दोन्हीकडच्या आईबापांच्या मनातली आस एकच असावी.

आता तो पेपर पाहा. सध्याच्या नव्या राष्ट्रीय साच्यात ऐकून उत्तरे देण्याला ३० गुण, भाषेच्या वापराला ३०, लेखनाला ४० आणि वाचनाला सर्वांत जास्त, ५० गुण आहेत. वाचनाच्या भागात चार उतारे आणि त्यांवर १५ प्रश्न असतात. प्रत्येकाला चार पर्याय आणि अडीच गुण. शिवाय पाचवा एक उतारा असा, की त्यातली पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि खाली दिलेल्या सात वाक्यांतून योग्य ती पाच जागच्या जागी बसवायची. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा असतो: सहलीचा, संग्रहालयाचा किंवा एखाद्या शिबिराचा. पुढचे हळूहळू अवघड होत जातात. बरेचसे मजकूर इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून घेऊन सोपे केलेले असतात. प्रश्न ठरावीक जातीचे: अमुक माहिती कुठे आहे, अमुक शब्दाचा संदर्भाने अर्थ काय, यावरून काय अनुमान निघते, उताऱ्याला योग्य मथळा कोणता, आणि लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे – अनुकूल, साशंक, सावध की उदासीन?

चिनी मुलाच्या दृष्टीने हे सोपे नाही. रोमन अक्षरे त्याला पहिलीपासून ठाऊक असतात, कारण चिनी चित्राक्षरांचे उच्चार शिकवण्यासाठी १९५८ पासून ‘पिनयिन’ ही रोमन लेखनपद्धती वापरात आहे. पण चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. ‘जातो’, ‘गेला’, ‘जाईल’ हा भेद वेगळ्या शब्दांनी दाखवतात. नामाचे विशेषण, ते कितीही लांबलचक असो, नामाच्या आधी येते. ‘काल बाजारात भेटलेला माणूस’ अशी रचना त्यांना आपल्यासारखीच जवळची. इंग्रजी आधी माणूस उभा करते आणि मग त्याच्यामागे शेपटीसारखी माहिती जोडत जाते. म्हणूनच ‘लांब आणि कठीण वाक्ये’ फोडून दाखवणे हा चिनी शिक्षकांचा तासचा तास चालणारा उद्योग असतो. हा अभ्यास मी कमी लेखत नाही. परक्या भाषेतले वाक्य हाडामासासकट समजून घेणे ही बुद्धीची उत्तम कसरत आहे.

अडचण पुढे सुरू होते. परीक्षा नुसते मोजत नाही. ती जे मोजते तेच पुढे शिकवले जाते. मग आधी प्रश्न वाच, नंतर उत्तर उताऱ्यात शोध. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असले ठाम शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय हा सापळा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य नीट पाहा – अशा युक्त्यांची शिदोरी तयार होते. मूल उतारा न वाचता तो झडती घेतल्यासारखा धुंडाळू लागते. दहा वर्षे शिकून तोंडातून चार वाक्ये न निघणाऱ्या या इंग्रजीला चिनी लोकांनी स्वतःच नाव ठेवले आहे: ‘मुके इंग्रजी’.

यावर कोणी म्हणेल, मग ही बहुपर्यायी भानगड टाकून का देत नाहीत? इथे मात्र मला बँकवाल्याच्या बाजूने बोलावे लागते. ज्या देशात एका गुणावर शेकडो, कधी हजारांवर मुले उभी असतात, तिथे तपासणाऱ्याच्या मर्जीवर एक गुणही सोडता येत नाही. ज्याच्या बापाची कुठे ओळख नाही, अशा खेड्यातल्या मुलाला या यंत्राचाच भरवसा असतो. यंत्राला आडनाव कळत नाही, गाव कळत नाही. रोखपालाने नोटा दुसऱ्यांदा मोजल्या तर आकडा तोच यायला हवा, तसे हे आहे.

हा भरवसा किती नाजूक असतो, ते झेजियांग प्रांतात दिसले. तिथल्या मुलांना इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते आणि चांगले गुण धरले जातात. नोव्हेंबर २०१८ चा पेपर अवघड निघाला. दोन परीक्षांची काठिण्यपातळी सारखी राहावी म्हणून परीक्षा मंडळाने निकाल लावताना वाचन आणि भाषावापर या भागांतल्या काही प्रश्नांना गुपचूप जादा वजन दिले. हेतू वाईट नसेलही. पण हे आधी कोणाला सांगितले नव्हते, आणि कोणते प्रश्न बरोबर आले यावर कोणाला किती फायदा होणार ते ठरले. निकाल लागताच पालक खवळले. प्रांत सरकारला चौकशी करावी लागली; ५ डिसेंबरला हा निर्णय चुकीचा ठरवून मूळ गुण परत देण्यात आले, आणि शिक्षण खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. हिशेबाची वही मागाहून दुरुस्त केली की ठेवीदार दारात येतो, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला ठाऊक असते.

तेव्हा काटेकोरपणा हवाच. पण काटेकोर मोजमाप आणि न्याय्य मोजमाप या दोन गोष्टी एकच नव्हेत. अमेरिकेत १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर अधिक चांगला सांगू शकली. क्रिकेटचे वर्णन आपल्या पोरांना कसे झटकन समजते, ते आठवा. समजणे नुसत्या भाषेत नसते. वाचणाऱ्याच्या अनुभवाच्या गाठोड्यातही असते. मग संग्रहालयाची तिकिटे, तंबूतली सुट्टी किंवा परदेशी स्वयंसेवकांचे शिबिर यांवरचा उतारा शांघायच्या मुलाला आणि हेनानच्या शेतकऱ्याच्या मुलीला सारखाच परका असेल का? यंत्र दोघांचे गुण सारख्याच निष्ठेने मोजील. पण त्या गुणांत भाषा किती आणि बापाची ऐपत किती, हे ते सांगणार नाही.

आणि अर्थ एकच असतो, या गृहीतकाचे काय? २०१७ मध्ये त्याच झेजियांगमध्ये एक गंमत झाली. ती इंग्रजीच्या नव्हे, चिनी भाषेच्या पेपरात झाली, पण दुखणे तेच. उताऱ्यासाठी घेतलेल्या एका कथेच्या अखेरीस माशाच्या डोळ्यांत चमकणाऱ्या विचित्र प्रकाशाचा उल्लेख होता. त्या शेवटावरच्या प्रश्नाने मुले चक्रावली आणि त्यांनी थेट कथाकार गोंग गाओफेंग यांनाच गाठले. त्यांनाही ठाम उत्तर देता आले नाही! लोक हसले. मला मात्र त्या लेखकाची बाजू पटली. आम्ही लिहिणारे अनेकदा माशाच्या डोळ्यांत प्रकाश ठेवतो तो वाचणाऱ्याने आपापल्या परीने पाहावा म्हणूनच.

एवढे असूनही चिनी परीक्षाकारांनी एक पाऊल असे टाकले आहे, की ज्याचे मला मनापासून कौतुक वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये झेजियांगच्या इंग्रजी पेपरात एक नवा प्रश्न आला: एक अर्धवट गोष्ट वाचायची आणि ती आपल्या इंग्रजीत सुमारे दीडशे शब्दांत पूर्ण करायची. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये तेवढी दिलेली असतात. गुण २५. आता नव्या साच्याच्या पेपरात हा प्रश्न इतर प्रांतांतही असतो. यात उताऱ्याची झडती घेऊन भागत नाही. पात्रे कशी आहेत, कोण कोणावर रुसले आहे, हरवलेली वस्तू कुठे असू शकेल, हे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. अशी उत्तरे दोन शिक्षक स्वतंत्रपणे तपासतात, आणि त्यांच्या गुणांत फार अंतर पडले तर तिसऱ्याकडे जातात. म्हणजे निःपक्षपातीपणा राखूनही मुलाला स्वतःचे बोलू देता येते. अर्थात शिकवण्या घेणारे इथेही पोचले. डोळे कसे भरून आले, छाती कशी धडधडली, याची तयार वाक्ये मुले पाठ करू लागली. तरीही चार पर्यायांतल्या एकावर काळा ठिपका भरण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

समजले की नाही हे ओळखायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे, आणि ती मी तालुक्याच्या गावी असलेल्या शाखेत शिकलो. कर्जाला जामीन राहायला माणसे यायची. हमीपत्र वाचून दाखवून ‘समजले ना?’ असे विचारले की सगळे मान डोलवायचे. मग मी म्हणू लागलो, ‘काका, आता तुम्ही मला सांगा, हे कागद काय म्हणतात?’ एक वयस्कर शेतकरी क्षणभर थांबून म्हणाले, ‘साहेब, यानं बुडवलं तर माझा बैल जाणार, असं म्हणतंय.’ त्या इंग्रजी-मराठी कायदेशीर कागदात बैल हा शब्द कुठेही नव्हता. पण त्याचा याहून नेमका अर्थ आमच्या विधी सल्लागारालाही सांगता आला नसता. त्या दिवशी त्यांनी सही केली नाही, आणि मला त्याचे समाधान वाटले.

हेनानच्या त्या मुलीला आपल्या बैलाचा शब्द सापडेल, एवढी जागा पेपरात असली पाहिजे. पर्यायी प्रश्न काढून टाकू नयेत. ते तिचेच रक्षण करतात. पण त्यांचे वजन कमी करून, वाचलेले आपल्या शब्दांत सांगण्याला अधिक गुण द्यावेत, आणि उतारे निवडताना ज्यांनी कधी विमान पाहिले नाही त्या मुलांचाही विचार व्हावा. भाषा शिकायची ती माणसे समजण्यासाठी. पेपर काढणाऱ्याच्या मनातला पर्याय ओळखणे हे त्याचे एक टोक झाले, सगळे शिक्षण नव्हे.

आपल्या घरीही दहावीच्या इंग्रजीत उतारा असतो, खाली प्रश्न असतात, आणि उत्तराची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून उतरवून काढण्याची हातोटी आपल्या मुलांनाही साधलेली असते. आज रविवार आहे. मुलीने किंवा नातवाने असा एखादा उतारा सोडवला असेल, तर गुण विचारू नका. पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, ‘आता मला मराठीत सांग, काय झालं त्यात?’ ती अडखळेल, स्वतःचे चार शब्द घालील, कदाचित उताऱ्यात नसलेला एखादा बैलही आणील. तिथे तिला टोकू नका. तिला काय समजले, ते नेमके तिथेच दिसेल.