घरं बांधणं अडवलं, अपिलातही जिंकले. तरी कोव्हेंट्रीच्या ट्रॅकवर शर्यत का होत नाही?

५०० सीसीची बाईक. ब्रेक नाही, गिअर एकच, टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल. अशा चार बाईक एका रेषेत उभ्या राहतात, समोरची टेप वर उडते आणि चौघंही लंबगोल ट्रॅकवर डावीकडे वळत सुटतात. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, कारण वेग आवरायला दुसरं काही हाताशी नाहीच. चार चकरा, साधारण एक मिनिट. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. अशा पंधरा शर्यती झाल्या की दोन संघांमधला सामना संपला.

या खेळाचं नाव स्पीडवे. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही. पण ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की १९८१ च्या जागतिक फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ९० हजारांहून जास्त प्रेक्षक जमले होते.

आता तिथे स्पीडवेची बातमी आली की बऱ्याचदा ती एकाच प्रकारची असते. अमुक ट्रॅक बंद होतोय, चाहते रस्त्यावर उतरलेत, सह्यांची मोहीम सुरू आहे. बहुतेक वेळा चाहते हरतात. कोव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन स्टेडियमच्या बाबतीत मात्र ते जिंकले. आणि जिंकल्यानंतर जे झालं, किंवा खरं तर जे झालं नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

कोव्हेंट्री आणि बाईकचं नातं काय?

कोव्हेंट्री हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. २००८ मध्ये टाटांनी विकत घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय याच शहरात, व्हिटली भागात आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून हे शहर चाकांवर जगत आलंय. आधी सायकली, मग मोटारसायकली, मग कार. ट्रायम्फचा जुना कारखाना इथलाच, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला.

अशा कामगार शहराला वीकेंडला धूळ आणि इंजिनाचा आवाज हवा असणारच. शहराच्या पूर्वेला काही मैलांवर ब्रँडन नावाचं गाव आहे. तिथे १९२८ मध्ये ट्रॅक सुरू झाला. ब्रिटनमध्ये स्पीडवे रुजला तेच ते वर्ष. कोव्हेंट्री बीज हा तिथला घरचा संघ. १९५३ ते २०१० या काळात या संघाने नऊ वेळा लीगचं विजेतेपद मिळवलं. शेवटचं विजेतेपद २०१० चं, म्हणजे ट्रॅक बंद पडण्याच्या जेमतेम सहा वर्षं आधीचं. थोडक्यात, हा काही मरायला टेकलेला क्लब नव्हता. याच ट्रॅकवर स्टॉक कार म्हणजे एकमेकींना धडका देत पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीही व्हायच्या, आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग वेगळा होता.

मग बंद का पडला?

कारण क्लब आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बऱ्याच स्पीडवे क्लबचं हेच दुखणं आहे. संघ एकाचा, स्टेडियम दुसऱ्याचं. फुटबॉलच्या मोठ्या क्लबसारखी स्वतःची मालमत्ता यांच्याकडे क्वचितच असते. स्टेडियमचा मालक बदलला, नव्या मालकाला शर्यतींपेक्षा घरांमध्ये जास्त रस असला, तर भाडेकरार संपेपर्यंतच क्लबचं आयुष्य. ब्रँडनची जागा विकासकाच्या हातात गेली आणि २०१६ च्या मोसमानंतर तिथे बाईक धावली नाही. बीजनी २०१७ मध्ये शेजारच्या लेस्टरच्या ट्रॅकवर मोजक्या मैत्रीपूर्ण लढती खेळल्या. पण दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस खेळणार?

२०१८ मध्ये घरं बांधण्याचा अर्ज दाखल झाला. पुढे सुधारित आराखड्यात १२४ घरं आणि सोबत फुटबॉलसाठी कृत्रिम गवताचं मैदान, असा प्रस्ताव होता. हे मैदान कशाला, ते पुढे कळेल.

चाहत्यांनी नेमकं काय केलं?

‘सेव्ह कोव्हेंट्री स्पीडवे अँड स्टॉक्स’ नावाचा गट उभा राहिला. नावातच दिसतं की स्पीडवेवाले आणि स्टॉक कारवाले एकत्र आले. एरवी या दोन गटांचं फार सख्य असतंच असं नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं.

पण या गटाची खरी हुशारी अशी की ते फक्त “आमच्या आठवणी वाचवा” म्हणत बसले नाहीत. आठवणींना नियोजनाच्या कायद्यात फारशी किंमत नाही. त्यांनी पकडला एक परिच्छेद.

इंग्लंडमध्ये जमीन तुमची असली म्हणून तिच्यावर हवं ते बांधता येत नाही. स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, आणि कौन्सिलला निर्णय देताना राष्ट्रीय नियोजन धोरण विचारात घ्यावं लागतं. आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर ‘खेळाचं मैदान’ असं आरक्षण असतं. तिथल्या धोरणाचा एक परिच्छेद साधारण तसंच काम करतो, फक्त तो देशभरातल्या सगळ्याच खेळांच्या जागांना लागू होतो. ब्रँडनची सुनावणी झाली तेव्हा त्याचा क्रमांक ९९ होता.

हा परिच्छेद म्हणतो की खेळाच्या जागेवर बांधकाम नको, अपवाद फक्त तीन. ती जागा गरजेपेक्षा जास्त असल्याचं मूल्यमापनातून स्पष्ट झालं पाहिजे. किंवा तितकीच चांगली, नाहीतर त्याहून चांगली जागा दुसरीकडे द्यायला हवी. किंवा तिथेच खेळाची दुसरी सुविधा येणार असेल, तर तिचा फायदा जुन्या सुविधेच्या नुकसानापेक्षा स्पष्टपणे मोठा हवा.

आता त्या कृत्रिम गवताच्या मैदानाचा अर्थ लागतो. विकासक तिसऱ्या दरवाजातून आत शिरू पाहत होता. जुनं स्टेडियम आता आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही आणि त्याबदल्यात गावाला फुटबॉलचं मैदान मिळतंय, असा त्याचा युक्तिवाद होता.

चाहत्यांचं उत्तर साधं होतं. फुटबॉलची मैदानं आणखी बांधता येतील. स्पीडवेचा ट्रॅक गेला की गेला, कारण धूळ आणि आवाजामुळे नव्या ट्रॅकला परवानगी मिळवणं म्हणजे दिव्यच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रग्बी बरो कौन्सिलने अर्ज फेटाळला. विकासकाने अपील केलं. २०२३ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, चाहत्यांच्या गटाने तिथे आपली बाजू मांडली, आणि निरीक्षकांनी अपीलही फेटाळलं.

पाच-सहा वर्षं कागदपत्रांत डोकं घालून बसलेल्या सामान्य प्रेक्षकांसाठी हा विजय छोटा नाही. “सोशल मीडियावर सह्या करून काय होतं?” असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की नुसत्या सह्यांनी काही झालंही नसतं.

तर मग ट्रॅक सुरू का झाला नाही?

कारण परवानगी नाकारणं म्हणजे फक्त “इथे हे बांधू नका” असं सांगणं. “इथे शर्यती भरवा” असा आदेश त्यात नसतो.

मालक तोच राहतो. त्याने स्टेडियम दुरुस्त करावं, क्लबला भाड्याने द्यावं किंवा विकावं, अशी सक्ती या निकालातून होत नाही. तो काही न करता थांबू शकतो. वेगळा आराखडा घेऊन पुन्हा कौन्सिलकडे जाऊ शकतो. आणि थांबण्याची किंमत त्याच्यापेक्षा चाहत्यांना जास्त पडते. २०१६ नंतर ब्रँडनमध्ये तोडफोड झाली, वारंवार आगी लागल्या. ज्या स्टँडमधून लोक बीजना ओरडून चिअर करायचे, त्याचे सांगाडे उरले. दर वर्षी दुरुस्तीचा खर्च वाढत जातो आणि “हे आता परवडणारं नाही” हा मालकाचा युक्तिवाद आपोआप थोडा थोडा खरा होत जातो. कायद्यातली ही सगळ्यात मोठी फट म्हणावी लागेल.

स्थानिकांना जागा विकत घेण्याचा हक्क नाही का? आहे, पण अर्धामुर्धा. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार एखादी जागा ‘समुदायासाठी मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते. मालकाने ती विकायला काढली, तर बोली लावायला पैसे जमवण्यासाठी स्थानिकांना सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. पण ही बोली स्वीकारायचं बंधन मालकावर नाही. आणि त्याने विकायला काढलीच नाही, तर प्रश्नच मिटला.

कधी कधी तर परिच्छेद ९९ सारखं हत्यारही निरुपयोगी ठरतं. कोव्हेंट्रीपासून तासाभराच्या अंतरावरच्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये मॉनमोर ग्रीन स्टेडियमवर २०२३ चा मोसम स्पीडवेचा शेवटचा ठरला. तिथे घरं बांधायचीच नव्हती. स्टेडियम ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी चालू राहणार होतं, मालक असलेल्या बेटिंग कंपनीने फक्त स्पीडवेचा करार पुढे वाढवला नाही. अर्जच नाही, तर आक्षेप कशावर घेणार?

मग कुणाचा ट्रॅक परत सुरू झाला?

ऑक्सफर्डचा. तिथलं स्टेडियम २०१२ च्या अखेरीस बंद पडलं आणि गॅलियार्ड होम्स या कंपनीला तिथे घरं बांधायची होती. कौन्सिलने परवानगी नाकारली. इथपर्यंत गोष्ट ब्रँडनसारखीच. फरक पुढे पडला. २०१४ मध्ये कौन्सिलने स्टेडियमचा परिसर संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर केला. जागा सक्तीने ताब्यात घेण्याचा पर्यायही चर्चेत होता. घरांचा रस्ता बंद आणि जागा हातातून जाण्याची टांगती तलवार, असं झाल्यावर रिकामं स्टेडियम धरून ठेवण्यात मालकाला फार राम उरत नाही. शेवटी ग्रेहाउंड व्यवसायातल्या एका प्रवर्तकाने स्टेडियम दहा वर्षांच्या कराराने घेतलं, पैसा ओतला, आणि २०२२ मध्ये ऑक्सफर्ड चीताज पुन्हा ट्रॅकवर उतरले.

मँचेस्टरने तिसरीच वाट धरली. तिथे नगरपालिकेच्या पुढाकाराने नॅशनल स्पीडवे स्टेडियम नव्याने उभं राहिलं आणि २०१६ मध्ये बेल व्ह्यू एसेस तिथे राहायला गेले. म्हणजे ज्या वर्षी ब्रँडनला कुलूप लागलं, त्याच वर्षी.

या दोन्ही ठिकाणी चाहते होतेच. पण सोबत नुसतं “नाही” म्हणून न थांबणारं स्थानिक प्रशासन होतं, आणि ऑक्सफर्डमध्ये जोखीम घेणारा माणूसही मिळाला.

दुसरी बाजूही ऐकायला हवी

घरांची टंचाई इंग्लंडमध्ये खरी आहे. तरुणांना स्वतःचं घर परवडत नाही, हा तिथल्या निवडणुकांमधला मोठा मुद्दा असतो. ब्रँडनचं स्टेडियम हरितपट्ट्यात असलं तरी त्या जागेवर आधीच बांधकाम होतं. त्यामुळे शेतात घरं बांधण्यापेक्षा इथे बांधणं बरं, असं म्हणणाऱ्यांना खोटं ठरवता येत नाही.

आणि खेळाची तब्येतही बरी नाही. २०२४ च्या मोसमात ब्रिटनच्या सर्वोच्च लीगमध्ये फक्त सात संघ होते. एवढ्या कमी प्रेक्षकांच्या खेळासाठी एवढी मोठी जागा का अडवायची, हा प्रश्न कुणीही विचारेल.

मात्र या प्रश्नात एक गोम आहे. ट्रॅक बंद पडतात म्हणून संघ कमी होतात. संघ कमी झाले की उरलेल्यांना तेच ते प्रतिस्पर्धी परत परत मिळतात, प्रेक्षक कंटाळतात, तिकिटं कमी खपतात, आणि पुढच्या मालकाला “बघा, कुणी येत नाही” म्हणायला आकडे मिळतात. शिवाय या खेळाची बाईक घरामागच्या गल्लीत चालवून शिकता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सराव करायलाच ट्रॅक लागतो. कोव्हेंट्रीत आज जो मुलगा त्या वयाचा आहे, त्याने ब्रँडनमध्ये शर्यत पाहिली असलीच तर अगदी लहानपणी, आईवडिलांचं बोट धरून.

ब्रँडनपुरतं सांगायचं, तर पुढचा निर्णय कौन्सिलच्या किंवा चाहत्यांच्या हातात नाही. तो जागेच्या मालकाच्या हातात आहे, आणि त्याला कुठलीही तारीख पाळायची नाही.